टॅटू काढणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र: सुई फोडताना दाखवतो, टाकताना कोण बघतं?

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या टॅटू आर्टिस्ट मित्रमैत्रिणींनो, स्टुडिओमालकांनो, आणि घरी किट मागवून नुकतंच लाइन मारायला शिकलेल्या पोरापोरींनो,

नमस्कार. मी पुण्यात अकरा वर्षं टॅटू करतेय. दोन खुर्च्यांचा स्टुडिओ आहे, पहिल्या मजल्यावर, खाली मोबाइल रिपेरिंगचं दुकान. हे पत्र बरेच दिवस मनात होतं, दोनदा अर्धं लिहून डिलीट केलं, कारण यात माझी स्वतःची चूक सांगावी लागते आणि त्याला जीभ रेटत नव्हती. पण गेल्या आठवड्यात एका नवीन मुलाच्या स्टुडिओत गेले होते, हात फार छान आहे त्याचा, आणि त्याच्या वॉशबेसिनखाली मला ती बाटली दिसली. एक लिटरची पाण्याची बाटली, अर्धी वापरलेल्या कार्ट्रिजनी, म्हणजे मशीनला लावायच्या, प्लॅस्टिकच्या नळीत बसवलेल्या सुयांनी भरलेली, झाकण घट्ट लावलेलं. तो म्हणाला, ताई मी सुया कधी उघड्या टाकत नाही हां, बाटलीत भरून मगच टाकतो. मी पण अगदी हेच म्हणायचे. म्हणून आता लिहितेच.

आपण सगळे एक गोष्ट न चुकता करतो. क्लायंट खुर्चीत बसला की त्याच्यासमोर सुईचं पाकीट धरतो, एक्सपायरी दाखवतो, आणि त्याच्या डोळ्यांसमोर फोडतो. कर्र असा तो आवाज झाला की समोरच्याचा चेहरा सैल पडतो, आई सोबत आलेली असेल तर तिचाही पडतो. मशीनला फिल्म गुंडाळलेली, टेबलावर बिब म्हणजे एकदाच वापरायचा रुमाल, नवीन इंक कॅप म्हणजे शाईची छोटी वाटी, नवीन ग्लोव्ह्ज. हे आपण मनापासून करतो आणि ते बरोबरच आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या लायनीत खरी सुधारणा झालीये ती इथेच, आणि ती झाली कारण क्लायंट बघत असतो, विचारत असतो, रिव्ह्यू टाकत असतो.

रात्री साडेनऊला शटर ओढायच्या आधी तीच सुई कुठे जाते, हे बघायला कोणी नसतं.

आता माझी गोष्ट सांगते. २०१८ चा पावसाळा. तेव्हा माझी पद्धत अशी, दिवसभराच्या कार्ट्रिज बाटलीत, बाटली भरली की झाकण लावून काळ्या पिशवीत, आणि बाकी सगळं म्हणजे रक्त-शाईचे टिश्यू, ग्लोव्ह्ज, फिल्म, रेझर हे दुसऱ्या पिशवीत गाठ मारून. मला वाटायचं मी बाकीच्यांपेक्षा दहा पट काळजी घेते. आमच्या गल्लीत कचरा न्यायला एक मावशी येतात, हातगाडी घेऊन, सकाळी नवाच्या सुमारास, मी त्या वेळी स्टुडिओत नसतेच, पिशव्या जिन्याखाली ठेवलेल्या असतात. एके दिवशी दुपारी त्या वर आल्या, पहिल्यांदाच, दारात चप्पल काढून उभ्या राहिल्या. उजव्या तळव्याला अंगठ्याच्या खाली चिंधी बांधलेली. म्हणाल्या, ताई, हे तुमच्याकडचंच आहे ना? आणि पदराच्या गाठीतून माझं कार्ट्रिज काढून टेबलावर ठेवलं. नऊचं राउंड लायनर, म्हणजे रेघा मारायचा नऊ सुयांचा गोल झुपका. टोकाला काळी शाई वाळलेली.

आदल्या दिवशी टोचलं होतं. त्यांनी नळाखाली हात धरला, चिंधी बांधली आणि राहिलेल्या चार सोसायट्या करून मगच घरी गेल्या. रात्री मुलीने बघितलं आणि ती म्हणाली आई जाऊन विचार कशाची सुई आहे ती.

मी विचारलं, मावशी बाटली का उघडली? तर त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजवर विसरले नाहीये. बाटली हाच तर त्यांच्या कामाचा माल. भंगारवाला बाटली किलोवर घेतो, पण रिकामी आणि चेपलेली घेतो, आत काही असलेली घेत नाही. म्हणजे बाटली दिसली की ती उघडायची, आतलं ओतायचं, चेपायची आणि गोणीत टाकायची, हे त्या दिवसातून शेकडो वेळा करतात. मी सुया लपवायला नेमकी अशी वस्तू निवडली होती जी त्यांच्या हातून उघडली जाणारच. उघड्या पिशवीत टाकल्या असत्या तर निदान दिसल्या तरी असत्या.

आणि पुढे कार्ट्रिजचं. बाटली ओतल्यावर प्लॅस्टिकचे छोटे छोटे पारदर्शक तुकडे पडले, पेनाच्या टोपणासारखे. सुई कुठेच दिसेना. त्यांना वाटलं चांगलं कडक प्लॅस्टिक आहे, वेगळं काढू, म्हणून एक उचललं आणि कसलं आहे ते बघायला दाबलं. आपल्याला माहितीये दाबल्यावर काय होतं. मागची नळी आत गेली की पुढून सुई बाहेर येते, सोडली की मेम्ब्रेन, म्हणजे आतला रबरी पडदा, तिला परत आत ओढतं. टोचून झाल्यावर सुद्धा त्यांना कळेना की काय टोचलं, कारण हातात परत नुसतं प्लॅस्टिकच.

इथे जरा थांबते, कारण याबद्दल आपल्यात कोणी बोलत नाही. जुन्या सुया आठवतायत? लांब सळई, एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला सोल्डर केलेला सुयांचा झुपका. ती कचऱ्यात पडली तरी लांबून कळायची की ही सुई आहे. कार्ट्रिज आल्या आणि आपलं काम किती सोपं झालं, रेघांचं लायनर काढ, शेडिंगचं मॅग्नम लाव, दोन सेकंदात, इंक मशीनमध्ये मागे जात नाही, सगळं खरं. पण सुई आत लपते हा जो फायदा आहे तो फक्त आपल्यासाठी आहे. पुढच्या माणसासाठी तोच सापळा आहे. शेडमध्ये बसून प्लॅस्टिक निवडणाऱ्या बाया दाबून, वाकवून, मोडून प्लॅस्टिकची जात ओळखतात. कार्ट्रिजला त्या हेच करणार.

मावशींना घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ही सुई कोणाला वापरली होती? मी गप्प. त्या बाटलीत तीन आठवड्यांच्या सुया होत्या, चाळीसेक माणसं. कोणाची होती कसं सांगणार? हॉस्पिटलात नर्सला सुई टोचली तर पेशंट समोर असतो, त्याचं रक्त तपासता येतं. इथे ते दारच बंद. म्हणून मग धोका आहे असं धरूनच चालावं लागलं. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस रोज घ्यावी लागतात. मावशी आल्या तेव्हा तीस तास होऊन गेले होते. त्या अजून दोन दिवस थांबल्या असत्या तर? हिपॅटायटिस बी ची लस त्यांनी आयुष्यात कधी घेतलेली नव्हती, ती सुरू केली. हिपॅटायटिस सी ला तर लसच नाही, तिथे फक्त वाट बघायची आणि तपासत राहायचं.

गोळ्यांनी त्यांना पहिले दहा-बारा दिवस मळमळायचं. सकाळी उपाशीपोटी कचऱ्याच्या गाडीपाशी उभं राहायचं आणि वरून मळमळ. चार दिवस त्यांची मुलगी कॉलेज बुडवून त्यांच्याऐवजी गाडी घेऊन आली. खाडे झालेल्या दिवसांचे पैसे मी दिले पण ते काय, ते कोणीही देईल. सहा महिने ठरलेल्या तारखांना तपासण्या झाल्या आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट हातात येईपर्यंत माझ्या पोटात गोळा असायचा. सगळे निगेटिव्ह आले. शेवटचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्या मला म्हणाल्या, ताई, मला वाचता येत नाही, पण लाल ठिपका असता ना बाटलीवर, तर मी हात नसता लावला.

लाल ठिपका म्हणजे काय ते पुण्यातल्या बायकांना लगेच कळेल. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा निवडणाऱ्याला न उघडता कळतं, ही मोहीम स्वच्छ संस्थेने इथे चालवली. स्वच्छ म्हणजे कचरावेचकांचीच सहकारी संस्था, आणि त्याच्या मागे १९९३ पासूनची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. या बायकांनी स्वतःच स्वतःसाठी काढलेली खूण होती ती, मी घरी पाळत होते, आणि स्टुडिओत डोक्यात सुद्धा आली नाही.

आता काही जण म्हणतील, आपली सुई काय इंजेक्शनची नाही, भरीव असते, आत रक्त राहत नाही, कातडीत दोन मिलिमीटर सुद्धा जात नाही. मान्य, भरीव सुईने धोका कमी असतो. पण आपली सुई एक नसते ना, झुपका असतो. पाच, नऊ, चौदा सुया एकमेकींना चिकटून, आणि त्यांच्या मधल्या फटींत शाई धरून राहावी म्हणूनच त्या तशा बांधलेल्या असतात. जिथे शाई धरते तिथे रक्त आणि प्लाझ्माही धरतो. आणि पिअर्सिंग करणाऱ्यांनी तर हे बोलूच नये, आपल्याकडे बरेच जण सलाइनची कॅन्युला वापरतात, ती पोकळच असते.

आकडे सांगते, हे दवाखान्यातल्या टोचण्यांवरून काढलेले आहेत. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली तर लागण व्हायची शक्यता हजारात तीन. हिपॅटायटिस बी ला मात्र, लस न घेतलेल्या माणसाला, शंभरात सहा ते तीस. आपण सगळे एचआयव्हीला घाबरतो आणि खरा चिवट आहे तो हा बी. वाळलेल्या रक्तात, बाहेर, टेबलावर, तो निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. सात दिवस! म्हणजे सोमवारची पिशवी शनिवारी जिन्याखाली पडलेली असली तरी ती थंड झालेली नाही. रक्तपेढीत जाऊन बघा, टॅटू केलेल्या माणसाला १२ महिने रक्त देऊ देत नाहीत, आपल्या क्लायंटना आपणच हे सांगतो. एका टॅटूसाठी रक्तपेढी वर्षभर थांबते आणि तीच सुई आपण दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाईच्या उघड्या हातात देतो.

मी आता काय करते ते सांगते, यात कुठे चुकत असेन तर हक्काने सांगा.

सुयांसाठी पांढरा शार्प्स कंटेनर, न टोचला जाणारा कडक डबा, दवाखान्यात असतो तोच, सर्जिकलच्या दुकानात मिळतो आणि महाग अजिबात नाही, एका छोट्या टॅटूच्या पैशात कितीतरी महिन्यांचे डबे येतात. तो खुर्चीच्या शेजारी हाताच्या अंतरावर ठेवलाय, बाथरूममध्ये नाही, कारण सुई हातात घेऊन खोलीभर चालायचंच नाही. काम संपलं की ग्रिपमधून कार्ट्रिज काढली की थेट डब्यात, टेबलावर सुद्धा ठेवायची नाही. आतली सुई उपटून काढत बसायचं नाही, मोडायची नाही, पकडीने कापायची नाही, जशी आहे तशी आत. पाऊण भरला की झाकण कायमचं बंद, दाबून दाबून भरायचा नाही, दाबताना टोचून घेतलेली माणसं मला माहितीयेत. आणि रेझर! शेव्हिंगचा रेझर सगळे विसरतात, टिश्यूंच्या पिशवीत टाकून देतात. तो पण शार्पच आहे, तो पण पांढऱ्या डब्यात. सुई खाली पडली तर हाताने उचलायची नाही, चिमटा ठेवलाय त्यासाठी.

रक्त लागलेले टिश्यू, कापूस, बिब, मास्क हे पिवळ्या पिशवीत. ग्लोव्ह्ज, मशीनची फिल्म, क्लिप कॉर्डचं म्हणजे मशीनच्या वायरचं कव्हर, म्हणजे रक्त लागलेलं प्लॅस्टिक, हे लाल पिशवीत. पिवळ्यातलं जाळतात, लालमधलं निर्जंतुक करून मग प्लॅस्टिक म्हणून पुढे जातं, म्हणून दोन्ही एकत्र केलं तर सगळंच वाया. सुयांचे पाकिटाचे कागद, स्टेन्सिलचा वरचा कागद, बॉक्स, चहाचे कप हे साधं सुकं, ते पिवळ्यात कोंबून वजन वाढवू नका, कारण पैसे आपलेच जातात आणि वैतागून मग माणूस सगळंच बंद करतो.

इंक कॅपमध्ये उरलेली शाई बेसिनमध्ये ओतू नका आणि बाटलीत परत तर चुकूनही नाही. मी टिश्यू बुडवून शोषून घेते, टिश्यू पिवळ्यात आणि कॅप लालमध्ये. सुई खळखळवायचा पाण्याचा कप, त्यात रक्त असतं, त्यात हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीचचं द्रावण घालते, एक ते दोन टक्के राहील असं, बाटलीवरचा टक्का बघून हिशोब करायचा कारण प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, अर्धा तास ठेवायचं आणि मग कमोडमध्ये. हे द्रावण रोज ताजं करा, उघडं राहिलं की त्यातला क्लोरिन उडून जातो. आणि ही एक गोष्ट नीट वाचा, हायपोक्लोराइटमध्ये संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं.

गच्चीवर पत्र्याच्या डब्यात जाळणारे पण आहेत आपल्यात, मला माहितीये. प्लॅस्टिक आणि ग्लोव्ह्जचा धूर तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या छातीत जातो आणि सुया शिल्लकच राहतात राखेत. नका करू.

आणि क्लायंटच्या घरी जाणारा कचरा? सेकंड स्किन म्हणजे ताज्या टॅटूवर चिकटवायची पारदर्शक फिल्म लावून पाठवतो आपण, दुसऱ्या दिवशी तिच्या आत शाई-रक्ताची पिशवी साचलेली असते, ती तो काढतो आणि डस्टबिनमध्ये भिरकावतो. आफ्टरकेअरच्या कागदावर मी आता एक ओळ वाढवलीये, काढलेली फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळा, लाल पेनाने ठिपका काढा आणि पॅड-डायपरच्या कचऱ्यासोबत द्या. लोक करतात हो. सांगितलं की करतात.

हे सगळं वेगळं केलं, पण द्यायचं कोणाला? इथेच आपली गाडी अडते आणि इथेच मला तुम्ही सगळे हवे आहात. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत, त्यात यादी आहे कोणाकोणाला लागू ते. हॉस्पिटल, क्लिनिक, लॅब, रक्तपेढी, जनावरांचे दवाखाने, लसीकरणाचे कॅम्प, रक्तदान शिबिरं, शाळेतली प्रथमोपचाराची खोली सुद्धा आहे. टॅटू स्टुडिओ हा शब्द नाहीये. जैववैद्यकीय कचऱ्याची व्याख्याही निदान, उपचार, लसीकरण अशा शब्दांनी सुरू होते आणि आपण त्यातलं काहीच करत नाही. म्हणून आपले लोक म्हणतात आपल्याला लागू नाही, आणि दवाखान्यांचा कचरा नेणारे गाडीवाले म्हणतात तुम्ही आमच्यात येत नाही. दोघांचं जमतं आणि सुई मावशींच्या गाडीत जाते.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये दातांचा दवाखाना आहे, तिथे दवाखान्याचा कचरा न्यायची गाडी येते, बारकोड स्कॅन करते, पिशव्या उचलते आणि माझ्या दारावरून निघून जाते. मी त्या माणसाला थांबवलं, तो बिचारा म्हणाला मॅडम मला यादीत नाव नसलेलं काही घेता येत नाही. मग त्या गाडीवाल्यांच्या ऑफिसात गेले. पहिल्यांदा, तुम्ही क्लिनिक नाही. दुसऱ्यांदा, डॉक्टरांचं रजिस्ट्रेशन आणा. तिसऱ्यांदा साहेब नव्हते. मग आम्ही सहा स्टुडिओंनी एकत्र बसून एकच अर्ज केला, सोबत प्रत्येकाचं शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स, महिन्याला किती सुया निघतात त्याचा आकडा, आणि मावशींच्या दवाखान्याच्या कागदांची झेरॉक्स त्यांना विचारून, नाव झाकून जोडली. तेव्हा घेतलं. आता आठवड्यातून एकदा गाडी येते. डबा त्यांच्या केंद्रात जातो, सुया ऑटोक्लेव्ह होतात, म्हणजे दाबाच्या वाफेत निर्जंतुक होतात, मग त्यांचे तुकडे करतात किंवा सिमेंटमध्ये घालतात, आणि विषय संपतो. खाटा नसलेल्या दवाखान्यांना नियमांत एकदाच परवानगी घ्यायची सोय आहे, दरवर्षी खेटे घालायचे नाहीत. तीच सोय आपल्याला लागू आहे असं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका साध्या परिपत्रकात लिहून दिलं तर कुठल्याही गावातला स्टुडिओ तो कागद दाखवून आपला कचरा देऊ शकेल. मंडळातलं कोणी हे वाचत असेल तर त्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे, आम्ही पळ काढत नाही आहोत, आम्हाला यादीत घ्या.

लसीचं पण बोलू. हिपॅटायटिस बी चे तीन डोस, पहिला, त्यानंतर एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या लहानपणी सरकारी लसीकरणात ही लस नव्हतीच, त्यामुळे घेतली असेल असं समजू नका, आईला विचारा नाहीतर सरळ घ्या. स्टुडिओत झाडू-फरशीला येणाऱ्या ताई, अ‍ॅप्रेंटिस पोरं, त्यांचे डोस स्टुडिओच्या खर्चाने. मी आमच्या मावशींचे केलेच, आणि त्यांच्यासोबत गाडीवर असणाऱ्या दुसऱ्या दोघींचेही केले. तिघींचे मिळून जेवढे पैसे गेले तेवढे आपण एका वर्षात नको असलेल्या शाईच्या शेड्सवर घालवतो.

जत्रेतल्या गोंदणवाल्या मावश्यांबद्दल एक बोलायचंय. आपल्यातले काही जण त्यांच्याकडे बोट दाखवतात, की खरी घाण तिकडे आहे, एकच सुई, एकच शाईची वाटी, फडक्याला पुसून पुढचा हात. मी मागच्या वर्षी एका जत्रेत त्यांच्यापाशी तासभर बसले. बॅटरीवर चालणारी मशीन, समोर नक्षीचा बोर्ड, आणि नावं लिहून घ्यायला रांग. सुई बदलत नाहीत हे खरंय. मी विचारलं का, तर म्हणाल्या मिळते कुठे, कितीला मिळते, कोण सांगतं आम्हाला. माझ्या आजीच्या कपाळावर आणि हातावर जे होतं ते यांच्याच आया-आज्यांनी केलेलं. त्या आपल्या धंद्यातल्या थोरल्या आहेत. मी पन्नास सुया, इंक कॅप्सचं एक पाकीट आणि एक पांढरा डबा दिला आणि कसं वापरायचं ते दाखवलं. त्यातली एक म्हणाली, आणि भरल्यावर हा डबा कुठं देऊ? आणि मला उत्तर देता आलं नाही. जत्रेत आरोग्य खात्याचा तंबू असतो, तिथे एक डबा गोंदणवाल्यांसाठी ठेवायला काय हरकत आहे? हे पण आपण अर्जात घालूया.

गोव्यातल्या मित्रांनो, तुमच्याकडे सीझनला वॉक-इनची गर्दी असते, दोन महिन्यांपुरते बाहेरून आलेले गेस्ट आर्टिस्ट असतात, ते गेल्यावर त्यांचा कचरा कोणाच्या नावावर? स्टुडिओ ज्याचा, सुई त्याची, एवढं आपसात ठरवून टाका. टॅटू कन्व्हेन्शन, म्हणजे टॅटूवाल्यांचे मेळावे, भरवणाऱ्यांनाही तेच सांगणं, बूथचे पैसे घेता, लाइटचे घेता, त्यात दर बूथला एक डबा आणि शेवटच्या दिवशी गाडी एवढं धरा.

आणि घरी शिकणाऱ्यांनो, तुम्हाला ओरडत नाहीये. मी पण खोट्या कातडीवर आणि मग स्वतःच्या मांडीवरच शिकले. पण मांडीवर मारलेली सुई पण सुईच असते. डबा नसेल तर निदान जाड कडक प्लॅस्टिकचा, स्क्रूचं झाकण असलेला, भंगारात कोणी उघडून घेणार नाही असा डबा घ्या, झाकण टेपने पक्कं करा, चारही बाजूंनी लाल मार्करने मोठा ठिपका, आणि कचऱ्यात टाकू नका, जवळच्या स्टुडिओत आणून द्या. पुण्यात असाल तर माझ्याकडे आणा, मी कोणाला परत पाठवणार नाही आणि काय लायकी म्हणून टॅटू करतोस असं विचारणारही नाही. पाण्याची बाटली मात्र नको, प्लीज.

गेल्या आठवड्यातल्या त्या मुलाने माझ्यासमोरच बाटलीवर लाल मार्करने ठिपका काढला आणि दुसऱ्या दिवशी तिला हात न लावता जशीच्या तशी माझ्याकडे घेऊन आला. आता आमच्या अर्जावर तो सातवा.

तर काम असं आहे. आपापल्या शहरात पाच-सहा स्टुडिओ एकत्र या, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर, पणजी, कुठेही. आमचा अर्ज मराठीत टाइप केलेला आहे, मागा, पाठवते, नाव-पत्ता बदलून वापरा. त्यात एक रकाना आहे, महिन्याला निघणाऱ्या सुया. तो अंदाजाने भरू नका. आजपासून भिंतीवर कागद लावा आणि प्रत्येक कार्ट्रिज डब्यात टाकताना एक रेघ मारा, महिनाभर. माझ्या दोन खुर्च्यांच्या स्टुडिओत गेल्या महिन्यात २१२ रेघा झाल्या. तुमचा आकडा मला कळवा.

तुमचीच,
पुण्यातली एक टॅटूवाली